कोळसा, तेल आणि कामगारांचा हिशेब

भिलाई-३ च्या फलाटावर तासभर उभे राहिले, तर देशाच्या विजेचा अर्धा धडा पुस्तक न उघडता कळतो. बिलासपूरकडून कोळशाने भरलेली मालगाडी येते, चरोद्याच्या विस्तीर्ण यार्डात काही वेळ थांबते आणि दुर्ग, राजनांदगाव, गोंदियामार्गे विदर्भाकडे निघून जाते. उलट दिशेने रिकाम्या वाघिणी कोरब्याकडे परतत असतात. दिवस असो, रात्र असो, हे चक्र थांबत नाही. नागपूरच्या घरात पंखा फिरतो, नाशिकच्या कारखान्यात लेथ चालते, मुंबईची लोकल धावते, त्यामागे या वाघिणी आहेत. वाघिणी भरणारे, ओढणारे, रिकाम्या करणारे हातही आहेत. पण विजेच्या धोरणाची चर्चा होते तेव्हा मेगावॅट बोलतात, रुपये बोलतात. हे हात मात्र चर्चेला नसतात. म्हणून या अंकात आम्ही कोळसा आणि तेल यांचा हिशेब कामगाराच्या बाजूने मांडण्याचे ठरवले आहे.

भिलाई-३ जवळच्या पुरेना येथे एनटीपीसी आणि सेल यांच्या भागीदारीतील कंपनीचे वीजकेंद्र आहे. प्रत्येकी २५० मेगावॅटचे त्याचे दोन संच २००९ मध्ये सुरू झाले. पाचशे मेगावॅट म्हणजे नेमके काय, हे साध्या गणिताने पाहू. पूर्ण भाराने चालले तर असे केंद्र दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज तयार करते. आपल्या देशी कोळशाच्या एका किलोतून साधारण दीड युनिट वीज मिळते. म्हणजे दिवसाला सुमारे ८ हजार टन कोळसा, म्हणजेच दोन भरलेल्या मालगाड्या! आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे. त्यामुळे रोज अडीच हजार टनांच्या आसपास राख मागे उरते. आणि हे झाले केवळ पाचशे मेगावॅटचे. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोहोचली होती.

क्षमता वेगळी, वीज वेगळी

जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता सौर, पवन, जल, अणू अशा बिगर-खनिज इंधनांची झाली, असे सरकारने जाहीर केले. गोष्ट अभिमानाची आहे आणि आम्ही तिचे स्वागत करतो. पण काही वर्तमानपत्रांनी त्यावरून 'कोळशाचे युग संपले' असा जो सूर लावला, तो खरा नाही. स्थापित क्षमता म्हणजे यंत्राच्या पाटीवर लिहिलेला आकडा. सौर पट्टी दिवसाच चालते, ढग आले की मंदावते. कोळशाचा संच रात्रीही चालतो. त्यामुळे क्षमतेत निम्म्यावर आलेला कोळसा प्रत्यक्ष निर्मितीत फार मोठा राहतो. २०२३-२४ मध्ये देशात तयार झालेल्या विजेपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास वीज कोळसा आणि लिग्नाइट यांच्यापासूनच आली. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांच्या वर गेले. संपणाऱ्या युगाची ही लक्षणे नव्हेत.

हे सांगताना कोळशाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. कोरब्याच्या वस्त्यांत अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. तिथल्या कामगाराला धुराचे गुणगान कोणी ऐकवू नये. हवामानाचा प्रश्न खोटा आहे असेही आम्ही म्हणत नाही. उन्हाच्या झळा सर्वांत आधी उघड्यावर काम करणाऱ्यालाच लागतात. आमचे म्हणणे एवढेच की, जे आजही देशाचा भार वाहत आहे त्याच्याबद्दल 'ते गेले' असे बोलून त्याच्यावर राबणाऱ्या माणसांना हिशेबातून वगळू नका.

तेल कोठे आहे?

तेलावर वीज तयार करणारी मोठी केंद्रे आता देशात जवळजवळ उरली नाहीत. सार्वजनिक वीजपुरवठ्यातील डिझेल केंद्रांची क्षमता सहाशे मेगावॅटच्याही आत आहे आणि त्यांची निर्मिती एकूण विजेच्या शतांशालाही पोहोचत नाही. मग कोळशाबरोबर तेलाचे नाव घेण्याचे कारण काय?

पहिले कारण बॉयलरमध्येच आहे. चूल पेटवताना आपल्या आया रॉकेलचा बोळा आधी पेटवीत आणि मग लाकडे लावीत. बॉयलरचेही तसेच आहे. थंड भट्टीत कोळशाची भुकटी थेट फुंकली तर ती पेटत नाही. आधी तेलाच्या बर्नरने भट्टी तापवावी लागते, ज्योत स्थिर करावी लागते आणि मगच कोळसा सोडता येतो. भार फार खाली आला किंवा ओला कोळसा आला तरी ज्योत टिकवायला पुन्हा तेलच लागते. १९९० च्या दशकाच्या आरंभी दरनिश्चितीत युनिटमागे साडेतीन मिलिलिटर तेल मान्य केले जाई. २००४ नंतर ते दोन, २००९ नंतर एक आणि २०१४ पासून अर्धा मिलिलिटर झाले. आकडा क्षुल्लक वाटेल. पण वर सांगितलेल्या पाचशे मेगावॅटच्या केंद्राला साडेतीन मिलिलिटरच्या हिशेबाने दिवसाला ४२ हजार लिटर तेल लागेल. अर्ध्या मिलिलिटरने ६ हजार लिटर. ही रोजची ३६ हजार लिटरची बचत चांगल्या यंत्रांमुळे झाली आणि तितकीच बॉयलरवर डोळ्यांत तेल घालून उभ्या राहणाऱ्या चालक-कामगारांमुळेही झाली. या बचतीतला त्यांचा वाटा कोणत्या करारात लिहिला आहे?

दुसरे कारण खाणीत आहे. कोरब्याची गेवरा खाण जगातील सर्वांत मोठ्या कोळसाखाणींपैकी एक आहे. तिथे २४० टन भार नेणारे डंपर चालतात, आणि ते डिझेलवर चालतात. ट्रकांनी कोळसा वाहायचा तर पुन्हा डिझेल. म्हणजे कोळशाच्या प्रत्येक टनात थोडे तेल मुरलेले असते. आखातात भाव भडकला की त्याची झळ कोरब्याच्या कोळशाला आणि तिथून आपल्या वीजबिलाला लागते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. तेलाने आपल्याला एक धडा दिला आहे आणि राज्यकर्ते तो पुन:पुन्हा विसरतात.

परक्या भावाचे इंधन

१९७३ च्या ऑक्टोबरपासून अवघ्या काही महिन्यांत जगात खनिज तेलाचे भाव चौपट झाले. त्याच वर्षी आपल्या देशात कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले होते. १९७४ च्या इंधन धोरण समितीने कोळसा हाच देशाच्या ऊर्जेचा मुख्य आधार असावा, असे सांगितले. १९७५ मध्ये कोल इंडिया आणि एनटीपीसी या दोन्ही सार्वजनिक कंपन्या स्थापन झाल्या. पुढे कोरब्याला एनटीपीसीचे मोठे केंद्र उभे राहिले आणि तिथली वीज भिलाईमार्गे उच्चदाब वाहिन्यांनी महाराष्ट्रापर्यंत पोहोचली. या सगळ्यामागचे सूत्र सरळ होते: ज्या इंधनाचा भाव आपल्या हातात नाही, त्याच्यावर देशाचा दिवा टांगू नये.

हे सूत्र प्रथम दाभोळला मोडले गेले. १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला, १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला आणि १९९६ मध्ये नव्या अटींवर पुन्हा जिवंत करण्यात आला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. इंधन कोणते? तर नाफ्था, म्हणजे तेलाचाच भाऊ. भाव डॉलरमध्ये, हमी आपली. तेल महागले, रुपया घसरला आणि काही महिन्यांत या विजेचा दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला. वीज घ्या वा न घ्या, ठरावीक रक्कम द्यावीच लागे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या स्वत:च्या कोळशाच्या संचांतली वीज कितीतरी स्वस्त असताना मंडळाच्या तिजोरीला खिंडार पडले. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. कामगार संघटनांनी हा धोका आरंभापासून सांगितला होता, न्यायालयापर्यंत नेला होता. तेव्हा त्यांना 'विकासाचे शत्रू' म्हटले गेले.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. तर मग २०२२ पाहा. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातील १३५ कोळसा केंद्रांपैकी निम्म्याहून अधिक केंद्रांत तीन दिवसांचाही साठा उरला नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा तीच तऱ्हा. कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी छत्तीसगडमधून जाणाऱ्या वीसहून अधिक प्रवासी गाड्या रद्द करण्यात आल्या. भिलाई, दुर्ग, राजनांदगावच्या ज्या कामगाराने फलाटावर ताटकळत दिवस काढले, त्याला कोळसाटंचाई म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. यावर उपाय काय निघाला? केंद्र सरकारने वीजकंपन्यांना दहा टक्के आयात कोळसा मिसळण्यास सांगितले, आणि तोही अशा वेळी की जेव्हा जागतिक बाजारात कोळशाचा भाव टनाला ४०० डॉलरच्या घरात गेला होता. पायाखाली कोळशाचे थर असलेल्या राज्यांना समुद्रापलीकडचा कोळसा घ्यायला लावला गेला. तेलाचा रोग अशा रीतीने कोळशालाही जडवण्यात आला.

गुजरातेतील मुंद्रा येथील आयात कोळशावरच्या खाजगी केंद्रांचेही तेच झाले. इंडोनेशियाने भावाचे नियम बदलले आणि या कंपन्या 'आम्हांला भरपाई द्या' म्हणून उभ्या राहिल्या. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. पण मे २०२२ मध्ये सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन आयात कोळशाची केंद्रे चालू करायला लावली आणि वाढीव इंधनखर्च दरात मिळण्याची सोय केली. नफा होतो तेव्हा बाजाराचा न्याय आणि तोटा होतो तेव्हा जनतेची तिजोरी, ही 'खाउजा' धोरणाची जुनी रीत येथेही दिसली.

टंचाई कोळशाची नव्हती, नियोजनाची होती. वाघिणी, मार्ग, साठा यांत वेळेवर गुंतवणूक झाली असती तर ही पाळी आली नसती. उलट जून २०२० मध्ये, महामारीच्या ऐन काळात, खाजगी व्यापारी खाणकामासाठी लिलाव सुरू करण्यात आले. कोळसा कामगारांनी जुलै २०२० मध्ये तीन दिवसांचा संप करून त्याला उत्तर दिले. तो संप केवळ पगाराचा नव्हता. देशाच्या इंधनाची चावी कोणाच्या कमरेला असावी, या प्रश्नावरचा तो संप होता.

दुपारचे ऊन आणि रात्रीचा भार

आता एक नवी गोष्ट घडते आहे आणि तिच्याकडे संघटनांनी बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. दुपारी सौर वीज भरपूर येते. तेव्हा कोळशाच्या संचांना भार कमी करण्याचा आदेश येतो. सूर्य मावळला, घरोघरी दिवे लागले, की त्याच संचांना झपाट्याने भार वाढवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी नियम केले. संचाने ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली येऊन चालले पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे.

कागदावर हे सोपे आहे. पण आपले बहुतेक संच दिवसरात्र एका भाराने चालण्यासाठी बांधलेले आहेत. भार जितका खाली, तितकी ज्योत अस्थिर. ती टिकवायला पुन्हा तेल. रोज तापणे, रोज निवणे यामुळे बॉयलरच्या नळ्या थकतात, गळती वाढते. गळती वाढली की संच बंद करा, भट्टी पुरती निवायच्या आत माणसे आत पाठवा, जोडकाम उरका, तेल फुंकून संच पुन्हा पेटवा. या धावपळीचा खर्च दरात कसा धरायचा यावर आयोगांसमोर चर्चा होते. भट्टीत उतरणाऱ्या माणसाची जोखीम कोणत्या रकान्यात धरायची, यावर मात्र चर्चा होत नाही.

जोखीम म्हणजे काय ते उंचाहारने दाखवले आहे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार केंद्राच्या ५०० मेगावॅटच्या नव्या संचात स्फोट झाला आणि ४० हून अधिक कामगार गेले. त्यांतले बहुतेक कंत्राटी होते. त्याआधी २३ सप्टेंबर २००९ रोजी कोरब्यात बांधकाम चालू असलेले वीजकेंद्राचे धुराडे कोसळले. तिथेही ४० हून अधिक बळी गेले. तेही गावे सोडून पोटासाठी आलेले मजूरच होते. वीज सर्वांची असते, पण तिची किंमत मोजणारे नेहमी एकाच बाजूचे कसे असतात?

हात कोणाचे?

१९९० च्या दशकाच्या आरंभी कोल इंडियाचे उत्पादन वर्षाला वीस कोटी टनांच्या आसपास होते आणि तिथे सहा लाखांहून अधिक कायम कामगार होते. २०२४-२५ मध्ये उत्पादन ७८ कोटी टनांवर गेले आणि कायम कामगार सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. मोठी यंत्रे आली, उघड्या खाणी वाढल्या, हे खरे. पण जे काम उरले ते सगळे यंत्रांनी केले असे नव्हे. त्यातले फार मोठे काम ठेकेदारांकडे गेले. वीजकेंद्रांतही तेच. वॅगन टिपलर, कोळशाचे पट्टे, मिलची साफसफाई, राखेचे काम, बॉयलरची देखभाल ही कामे केंद्र चालू आहे तोवर रोज करावी लागतात. ती हंगामी कशी?

येथल्याच एका चहाच्या टपरीवर आम्हांला एक कामगार भेटला. मूळचा भंडारा जिल्ह्यातला. त्याचे वडील नोकरीसाठी इकडे आले. गेली अठरा वर्षे तो राखेच्या कामावर आहे. केंद्र कोणते ते येथे सांगत नाही, कारण सगळीकडे गोष्ट एकच आहे. तो म्हणाला, "भाऊ, काम तेच, फावडं तेच, साहेब बी तेच. ठेकेदार बदलला का माझी नोकरी पुन्हा पयल्या दिवसापासून सुरू. अठरा वर्षांत मी नऊदा नवीन लागलो." यावर भाष्य करण्याची गरज नाही.

या भूमीत हा प्रश्न आज उगवलेला नाही. १९९०-९१ मध्ये भिलाईच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगार जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी यांसाठी उभे राहिले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १६ कामगार ठार झाले. स्थानकाच्या नावातच वीजघर आहे. त्या गाडीमार्गावरून आजही कोळसा जातो. ज्यांच्याशी आमचे विचार शंभर टक्के जुळत नसतील, त्यांच्याही बलिदानापुढे आम्ही नतमस्तक होतो, कारण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता: कायमचे काम करणारा माणूस कायमचा का नाही?

कायद्याने त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कायम स्वरूपाच्या कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याची वाट ठेवली होती. पण ३० ऑगस्ट २००१ रोजी सेलच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ मालकाकडे कायम होत नाही. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू करण्यात आल्या. पूर्वी ठेकेदाराकडे २० कामगार असले की कायदा लागू होई. आता त्यासाठी ५० लागतात. म्हणजे शंभर कामगारांचे काम तीन ठेकेदारांत वाटले की काम भागले!

उद्या धुराडे थांबेल तेव्हा

कोळसा आज जाणार नाही, पण केव्हातरी कमी होणारच आहे. २०७० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला दिले आहे. जुने संच तर आत्ताच बंद होत आहेत. कोरबा पूर्व केंद्राचे १२० मेगावॅटचे शेवटचे दोन संच २०२० च्या अखेरीस कायमचे थांबले. महाराष्ट्रात कोराडी, परळी, भुसावळ येथील जुने संच मोडीत निघाले. अशा वेळी कायम कामगाराला बदली मिळते. कंत्राटी कामगाराला बदली कोठली? त्याच्या टपरीवाल्याला, ट्रकवाल्याला, खोली भाड्याने देणाऱ्या म्हातारीला तर कोणी विचारतही नाही.

जगात याची दोन उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये १९८४-८५ साली खाणकामगारांचा वर्षभराचा संप सरकारने मोडून काढला आणि खाणी धडाधड बंद केल्या. त्या गावांच्या पुढच्या पिढीलाही त्या जखमा पुरल्या. तिथले शेवटचे कोळसा वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले, तेव्हा त्या गावांना परत द्यायला कोणाकडे काही नव्हते. जर्मनीत दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. पण तिथे संघटना वाटाघाटीच्या टेबलाशी होत्या. वर्षानुवर्षांचे वेळापत्रक ठरले, लवकर निवृत्ती, बदली, नवे प्रशिक्षण ठरले आणि कामगाराला थेट रस्त्यावर टाकायचे नाही हे तत्त्व पाळले गेले. कोळसा दोन्हीकडे गेला. फरक पडला तो संघटित कामगाराला मोजले की नाही, यामुळे.

आपल्याकडे पैसा नाही असे कोणी सांगू नये. २०१० पासून प्रत्येक टन कोळशावर स्वच्छ ऊर्जेच्या नावाने उपकर घेतला गेला. आधी ५० रुपये, २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ पासून तोच पैसा वस्तू व सेवा कराच्या भरपाईकडे वळवण्यात आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर रद्द होऊन कराचा दर १८ टक्के झाला. इतक्या वर्षांत कोट्यवधी टनांवर ही वसुली झाली. पण कोळसा आणि वीज कामगारांचे पुनर्वसन हा तिच्या उद्देशांत विषयच नव्हता.

आणखी एक गोष्ट आम्हां मराठी वाचकांनी स्वत:शी प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. महाराष्ट्राच्या महानिर्मिती कंपनीला २०१५ मध्ये छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यातील गारे पेलमा सेक्टर-२ हा कोळसापट्टा मिळाला. कोळसा जायचा तो महाराष्ट्रातील केंद्रांना. जून २०२५ मध्ये तिथे पोलीस बंदोबस्तात झाडे तोडली गेली आणि ग्रामस्थ विरोधाला उभे राहिले. दिवा आपल्या घरात, खड्डा त्यांच्या रानात. १९५६ पर्यंत हा छत्तीसगड आणि आपला विदर्भ एकाच राज्यात होते, नागपूर ही त्यांची एकच राजधानी होती. आज राज्ये वेगळी झाली म्हणून त्या गावांचा प्रश्न परका होत नाही. वीजकामगाराची भाकरी आणि आदिवासीची जमीन यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हा मालकवर्गाचा जुना डाव आहे. त्यात आपण फसता कामा नये.

आमच्या मागण्या

या सर्वांचा विचार करून आम्ही पुढील मागण्या सर्व संलग्न संघटनांसमोर चर्चेसाठी ठेवत आहोत.

पहिली: वीजकेंद्रे आणि खाणी यांतील कायम स्वरूपाची कामे कायम कामगारांनीच करावीत. ते होईपर्यंत ठेकेदार बदलला तरी कामगार बदलू नये आणि त्याची सेवा पहिल्या दिवसापासून अखंड धरावी.

दुसरी: भार वरखाली करून चालवल्या जाणाऱ्या प्रत्येक संचाची स्वतंत्र सुरक्षा तपासणी व्हावी, तपासणी समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत आणि भट्टी किती तासांनी उघडायची हे उत्पादनाच्या घाईने नव्हे, सुरक्षेच्या नियमाने ठरावे.

तिसरी: आयात कोळशाची सक्ती कोणत्याही केंद्रावर होऊ नये. आयातीचा, तेलाचा आणि वाहतुकीचा खर्च प्रत्येक कंपनीने जनतेसमोर मराठीत वा हिंदीत, समजेल असा मांडावा.

चौथी: कोणताही संच किंवा खाण बंद करण्याच्या किमान पाच वर्षे आधी संघटनांशी लेखी योजना ठरावी. तीत कंत्राटी कामगारांची नावनिशीवार गणना असावी. नव्या सौर, पवन व पारेषण प्रकल्पांत त्यांना पहिला हक्क असावा.

पाचवी: कोळशावरील करातून कामगार आणि कोळसापट्ट्यातील गावे यांच्यासाठी कायद्याने वेगळा निधी ठेवावा.

या मागण्या कोणी ताटात वाढून देणार नाही. ४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील वीज कर्मचारी तीसहून अधिक संघटनांच्या एकजुटीने खाजगीकरणाविरुद्ध संपावर उतरले आणि त्याच दिवशी सरकारला चर्चेला बसावे लागले. एकजुटीचा अर्थ त्या दिवशी दिसला. उणीव एवढीच की, आपल्या एकजुटीत ठेकेदाराकडचा साथी अजून पाहुण्यासारखा बसतो. त्याला घरचा करून घेणे हे पहिले काम.

भिलाई-३ च्या फलाटावरून रात्रीची कोळशाची गाडी पुढे जाईल तेव्हा लक्ष देऊन पाहा. प्रत्येक वाघिणीवर किती टन कोळसा आहे, तो कोणत्या खाणीचा, कोणाकडे जाणार, याची चिठ्ठी असते. तो कोळसा काढणाऱ्या, वाहणाऱ्या आणि जाळणाऱ्या माणसाची नोंदही तितक्याच चोखपणे झाली पाहिजे. प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात आपापल्या केंद्रातील, खाणीतील, यार्डातील कंत्राटी कामगारांची यादी करावी: नाव, काम, सेवेची एकूण वर्षे आणि आजवर बदललेले ठेकेदार. लढ्याची सुरुवात या यादीपासून होईल.